तीनशेचा प्लॅन घेतला, तरी मागच्या खोलीत अकराच: मुलुंडच्या एका घराचं प्रकरण

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या बाजूची सात मजली सोसायटी, १९९०च्या दशकातलं आरसीसी बांधकाम, सहाव्या मजल्यावरचा टू बीएचके. घरात माणसं सहा. आजी-आजोबा, मुलगा, सून, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला नातू आणि बारावीतली नात. सून आठवड्यातून तीन दिवस घरून काम करते आणि तिचे अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरचे कॉल रात्री साडेआठ ते दहा या वेळात असतात. नेमकी हीच वेळ आजोबांच्या क्रिकेटची, आजीच्या मालिकेची, नातीच्या रेकॉर्डेड लेक्चरची आणि नातवाच्या गेमची. दाराबाहेर एक सीसीटीव्ही कॅमेरा आहे, तो चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवतो. फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा धरून अकरा उपकरणं, आणि सगळी वायफायवर.

इंटरनेटचा प्लॅन ५० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटचा होता. तक्रार रोजची एकच: कॉलमध्ये सुनेचा आवाज तुटतो, त्याच वेळी टीव्हीवर गोल गोल फिरत राहतं. केबलवाल्याकडच्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, सहा माणसं आणि पन्नासचा प्लॅन? तीनशे करून टाका, राउटर तीनशेचाच आहे तुमचा." राउटरच्या खोक्यावर खरोखरच ३०० एमबीपीएस असं छापलेलं होतं. प्लॅन वाढवला. महिन्याचा खर्च ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ७०७ रुपये होता, तो १४९९ अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे १७६९ रुपयांवर गेला.

आवाज तुटायचा तो तुटतच राहिला.

आधी मोजणी

इथून पुढे जे केलं ते कोणत्याही घराला करता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडायचा, त्याचं वायफाय बंद करायचं, घरातली बाकीची उपकरणं थोडा वेळ थांबवायची आणि स्पीड टेस्ट घ्यायची. टेस्टचं ॲप बहुतेक वेळा आपल्याच कंपनीचा सर्व्हर निवडतं. तो निकाल कंपनीच्या अंगणातला असतो, म्हणून मुंबईतलाच पण दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर हाताने निवडून आणखी एकदा मोजायचं. त्यानंतर तीच टेस्ट वायफायवर, प्रत्येक खोलीत, जिथे माणूस खरोखर बसतो तिथे उभं राहून. सकाळी आठ, दुपारी तीन आणि रात्री साडेनऊ, असे तीन दिवस. एकदाच मोजलेल्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, कारण सकाळी आठला सगळ्यांचंच नेट छान चालतं.

या घरात ३००च्या प्लॅनवर आलेले आकडे असे: लॅन केबलने डाउनलोड ९४, अपलोड ९३, तिन्ही वेळांना जवळजवळ सारखे. हॉलमध्ये वायफायवर ३८. स्वयंपाकघरात १६. मागच्या बेडरूममध्ये, जिथे सून कामाला बसते, दुपारी २४ आणि रात्री ११.

नातवाच्या फोनमधल्या टेस्ट ॲपमध्ये जुन्या टेस्टची यादी शिल्लक होती. ५०च्या प्लॅनवर हॉलमध्ये ३६ आणि मागच्या खोलीत रात्री ११. म्हणजे महिन्याला हजारावर रुपये जास्त मोजून त्या खोलीत एका एमबीपीएसचाही फरक पडला नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात भरपूर होतं, पोहराच लहान होता.

९४ हा आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. लॅन केबलवर पुन्हा पुन्हा ९४च्या आसपासच येत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा सांधा आहे असं समजावं. डेटा लहान लहान पाकिटांत जातो, आणि शंभरच्या पोर्टवरून त्या पाकिटांच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता कामाचा डेटा तेवढाच निघतो. ७० किंवा ८२ आले असते तर कंपनीच्या लाइनवर संशय घेता आला असता. ९४ आले, म्हणजे दोष घराच्या किंवा इमारतीच्या आतला.

राउटर कुठे होता आणि कसला होता

केबल मुख्य दारातून आत येते, म्हणून राउटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात, वरच्या फळीवर. बाजूला लोखंडी सेफ्टी डोअर. तिथून मागच्या बेडरूमपर्यंत दोन भिंती, मधे टाइल्सचं बाथरूम आणि बेडरूममध्ये पूर्ण आरशाच्या दारांचं वॉर्डरोब. लोखंड, काचेमागचा आरशाचा लेप, पाइपातलं पाणी या सगळ्यांशी वायफायचं वैर आहे.

राउटर सिंगल बँड होता, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. खोक्यावरचे ३०० म्हणजे हवेतला कागदोपत्री कमाल वेग. प्रत्यक्षात त्या राउटरचा केबल लावायचा पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो. ज्या राउटरच्या दारातून शंभरच आत येतात तो घरात तीनशे कुठून वाटणार? केबलवाल्याच्या मुलाने फसवलं असं नाही, त्यानेही खोकंच वाचलं होतं. हा घोळ फार घरांत आहे, म्हणून राउटर घेताना पुढच्या बाजूची मोठी अक्षरं सोडून मागे पोर्टपुढे काय लिहिलंय ते वाचावं. १०/१०० लिहिलं असेल तर शंभरचा, १०/१००/१००० किंवा गिगाबिट लिहिलं असेल तर हजाराचा.

दुसरा प्रश्न हवेतल्या गर्दीचा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मुंबईच्या इमारतीत वर, खाली, शेजारी, समोरच्या विंगमध्ये प्रत्येकाचा राउटर. फोनवरच्या वायफाय ॲनालायझरने रात्री साडेनऊला पाहिलं तर या घरात सव्वीस नेटवर्क दिसत होती. तीन चॅनलवर सव्वीस जण आळीपाळीने बोलणार. दुपारी २४ आणि रात्री ११, यातला फरक कंपनीचा नव्हता, शेजाऱ्यांचा होता. कंपनीची लाइन तर रात्रीही ९४ देत होती.

आणि आवाज तुटण्याचं खरं कारण त्याहून बारीक होतं. रात्री नऊच्या सुमारास घरातले फोन चार्जिंगला लागतात आणि फोटोंचा बॅकअप सुरू होतो. नातवाने कॉलेजच्या फेस्टिव्हलचे व्हिडिओ काढलेले, आजोबांच्या फोनवर ग्रुपमधले शेकडो. बॅकअपला जेवढं अपलोड मिळेल तेवढं तो खातो. मागच्या खोलीत पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, साधारण ९ मिलिसेकंद असे, बॅकअप चालू झाला की ३४० पर्यंत जाई. व्हिडिओ कॉलला वेग फारसा लागत नाही, पण त्याची पाकिटं वेळेवर पोचावी लागतात. एक लहान पाकीट मोठ्या फाइलच्या रांगेत मागे उभं राहिलं की समोरच्याला अर्धा शब्द ऐकू येतो. हे तपासायला सोपं आहे: कॉल तुटत असताना सगळ्यांच्या फोनचं वायफाय एक मिनिट बंद करायचं. कॉल लगेच सुधारला तर दुखणं हेच.

घराला खरोखर किती लागतं

वेग ठरवताना माणसं मोजू नयेत. एकाच वेळी काय काय चालतं ते मोजावं, आणि तेही सगळ्यात गर्दीच्या तासाला.

या घराचा गर्दीचा तास रात्री नऊ ते दहा. टीव्हीवर फोर-के चित्र: नेटफ्लिक्स त्यासाठी १५ एमबीपीएस सांगतं, यूट्यूब २०. खेळाच्या थेट प्रक्षेपणासाठी थोडी सवड ठेवून २५ धरले. सुनेचा ग्रुप व्हिडिओ कॉल, दोन्ही दिशांनी ४-४; झूम पूर्ण एचडी ग्रुप कॉलला साधारण एवढंच मागतं. नातीचं लेक्चर १०८०पी, ५. आजीची मालिका मोबाइलवर, ५. मुलाच्या फोनवर रील्स आणि बातम्या, ५. नातवाचा गेम १ पेक्षाही कमी. फोनमधली मागची कामं, अपडेट वगैरे, ५. बेरीज डाउनलोडची ५०. अपलोडला सुनेचे ४, कॅमेऱ्याचे २, बाकी किरकोळ २, म्हणजे ८, आणि वर तो कधीच पोट न भरणारा बॅकअप.

या बेरजेवर निम्मी सवड ठेवावी, म्हणजे ७५. बाजारात प्लॅन ३०, ४०, ५०, १००, २००, ३०० अशा पायऱ्यांनी मिळतात. ७५च्या लगेच वरची पायरी १००. फक्त एक अट घालावी: अपलोडही १००च हवं. काही ठिकाणी, विशेषतः जुन्या केबल मोडेमच्या जोडणीवर, डाउनलोड १०० आणि अपलोड १० असतं, आणि जाहिरातीत तो दुसरा आकडा कुठेच नसतो. घरून काम करणाऱ्याने हा आकडा व्हॉट्सॲपवर लिहून मागून घ्यावा.

गेमचा मुद्दा नातवाने हिरिरीने मांडला होता की तीनशेने पिंग कमी होईल. होत नाही. पिंग अंतरावर आणि वाटेतल्या गर्दीवर ठरतो. मुंबईकर याबाबतीत नशीबवान. समुद्राखालून येणाऱ्या कितीतरी केबल वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, ॲमेझॉनचं क्लाउड केंद्र मुंबईत २०१६ पासून आहे, अनेक गेमचे सर्व्हर इथेच आहेत, त्यामुळे चांगल्या लाइनवर ५ ते १० मिलिसेकंद सहज मिळतात. उलट सुनेच्या न्यू जर्सीच्या कॉलला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागणारच, प्लॅन हजाराचा घेतला तरी. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि अमेरिका तिथेच राहते.

जास्त वेगाचा खरा फायदा मोठ्या फाइलला होतो. ८० जीबीचा गेम उतरवायला ४० एमबीपीएसवर साडेचार तास, १०० वर पावणेदोन तास, ३०० वर ३६ मिनिटं. इथे बिट आणि बाइट यांची गल्लत टाळावी: प्लॅनमधला आकडा बिटचा, फाइलचा आकडा बाइटचा, एका बाइटचे आठ बिट. म्हणून १०० एमबीपीएसवर डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला साडेबारा एमबीपेक्षा जास्त कधी दिसणार नाही, आणि त्यात बिघाड काहीच नाही. नातू वर्षातून चार-पाच मोठे गेम उतरवतो. तेवढ्यासाठी दर महिन्याला आठशे रुपये जास्त द्यावेत असं आम्हाला वाटत नाही. घरात कुणी व्हिडिओ एडिटिंग करत असतं आणि रोज ५० जीबीची फाइल वर चढवत असतं, तर गोष्ट वेगळी. १०० वर तिला तासावर वेळ लागतो, ३०० वर बावीस मिनिटं, आणि तिथे पैसे वसूल होतात.

दुरुस्ती, आणि पुन्हा ९४

महिना संपायला तीन आठवडे होते, ३००चा प्लॅन चालूच होता. त्याचा उपयोग करून घेतला. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा, सगळे पोर्ट गिगाबिट असलेला राउटर आणला, ३२०० रुपयांना. लावला, लॅनवर मोजलं. पुन्हा ९४.

आता राउटरवर दोष नव्हता. राहिली ती इमारतीतली वायर. या सोसायटीत ऑपरेटरची फायबर चौथ्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिक डक्टमधल्या स्विचपर्यंत, म्हणजे एक जोडणी अनेक घरांना वाटणाऱ्या डबीपर्यंत येते आणि तिथून प्रत्येक घरात कॅट-५ई प्रकारची लॅन वायर जाते. घरातल्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर पारदर्शक असतो. तो उजेडात धरून पाहिला तर आत चारच तारा होत्या, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळ्या आणि तपकिरी तारा मागे कापून टाकलेल्या. शंभरचा वेग १, २, ३ आणि ६ या चार पिनांवर चालतो, म्हणून घाईत क्रिंपिंग करणारे, म्हणजे कनेक्टर दाबून बसवणारे, चारच तारा बसवतात आणि दिवा हिरवा लागतो, सगळं ठीक दिसतं. हजाराच्या वेगाला आठही तारा लागतात. निळ्या-तपकिरी जोड्यांतली एक जरी तुटली असेल किंवा पिनांवर दमटपणाने हिरवट थर आला असेल, तर दोन्ही बाजू मुकाट्याने शंभरवर उतरतात. कुठेही सूचना येत नाही.

ऑपरेटरच्या माणसाला बोलावून दोन्ही टोकांना नवे कनेक्टर, आठ तारा, नेहमीच्या क्रमाने: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. डक्टमधलं टोक विसरू नये. तिथेही चारच होत्या. त्यानंतर लॅनवर २९० आले.

मग जागा. राउटर चपलांच्या कपाटातून काढून हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये, सहा फूट उंचीवर, उघड्या ब्रॅकेटवर. दारापासून तिथपर्यंत १२ मीटर कॅट-६ वायर केसिंग पट्टीतून. तिथून टीव्हीला एक वायर आणि माळ्यावरून सुनेच्या टेबलापर्यंत एक. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा शंभरचाच असतो, पण फोर-केला २५ पुरतात, तेव्हा चिंता नाही. यातला मोठा लाभ असा की घरातला सगळ्यात जड ग्राहक, म्हणजे टीव्ही, हवेतून उतरून तारेवर आला आणि वायफाय बाकीच्यांना मोकळं झालं. जे उपकरण जागचं हलत नाही त्याला वायर, हा नियम आम्ही कधीच सोडत नाही. वायर, पट्टी आणि मजुरी मिळून हजार रुपये.

सेटिंगमध्ये चारच गोष्टी केल्या. २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल हाताने ११, कारण या मजल्यावर तिथे गर्दी सगळ्यात कमी दिसली. ५ गिगाहर्ट्झची रुंदी ८०. कॅमेरा आणि प्रिंटर फक्त २.४ वर. आणि क्यूओएसमध्ये, म्हणजे कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, सुनेच्या लॅपटॉपला पहिला मान.

त्यानंतर दहा दिवस राउटरच्या ॲपमधला वापराचा आलेख रोज रात्री पाहिला. तीनशे पूर्ण येत होते, कुणाला अडवलं नव्हतं. नातवाचा एक गेम डाउनलोड सोडला तर सगळ्या घराने मिळून गाठलेला कमाल आकडा ६१. त्या रात्री पाहुणे होते आणि दोन फोनवर वेगळी मॅच चालू होती.

प्लॅन १००वर उतरवला, ७९९ अधिक जीएसटी, सुमारे ९४३ रुपये. तीनशेच्या तुलनेत वर्षाला साधारण ९९०० रुपये वाचतात, आणि राउटर-वायरचा सगळा खर्च ४२०० झाला होता. प्लॅन उतरवल्यावर क्यूओएसमध्ये एकूण मर्यादा दोन्ही दिशांना ९० घातली. मर्यादा प्लॅनपेक्षा थोडी कमीच हवी, तरच रांग कंपनीकडे न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि कुणाला पुढे सोडायचं ते राउटर ठरवू शकतो. आता बॅकअप चालू असताना सुनेच्या टेबलावर पिंग ६ वरून २० पर्यंत चढतो. कॉलला ते जाणवत नाही.

राहिलेल्या दोन गोष्टी

डेटाची मर्यादा. "अनलिमिटेड" प्लॅनलाही मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी, आणि ती ओलांडली की वेग घसरतो. नेटफ्लिक्सच्या हिशोबाने फोर-के तासाला ७ जीबीपर्यंत जातं. रोज तीन तास म्हणजे महिन्याला ६३०. पण दाराबाहेरचा तो एवढासा कॅमेरा सतत २ एमबीपीएस पाठवतो, म्हणजे दिवसाला २१.६ आणि महिन्याला जवळपास ६५० जीबी, टीव्हीपेक्षाही जास्त. कॅमेरा हालचाल दिसली तरच रेकॉर्ड करील असा लावून दिला. मर्यादेत हे घर आधीही बसत होतं, पण अपलोडची वाट विनाकारण अडत होती.

दुसरी गोष्ट विजेची. घरात इन्व्हर्टर आहे, तरी इमारतीची वीज गेली की नेट जातं, कारण डक्टमधला स्विच सोसायटीच्या कॉमन मीटरवर आहे. घरातल्या राउटरला कितीही बॅकअप दिला तरी उपयोग नाही. त्या स्विचलाच १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावून घ्यावा, आधी ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून, कारण काही स्विच ९ व्होल्टचे असतात. थेट घरापर्यंत फायबर आलेली असेल तर हा त्रास कमी, तिथे वाटेत फायबर अनेक घरांना वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. ऑपरेटरने यूपीएस लावायचं कबूल केलं आहे, अजून लागलेला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावाने लेखी अर्ज दिला आहे.

वार्षिक प्लॅनवर दोन महिने फुकट मिळत होते. ते घेतले नाहीत, तीन महिन्यांचाच भरला. डक्टची खिडकी पश्चिमेला आहे आणि पावसात तिथे ओल येते. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर राउटरच्या स्टेटस पानावर त्या पोर्टची जोडणी पाहायची आहे. तिथे १००० दिसलं तर वार्षिक घ्यायचा. १०० दिसलं तर आधी चौथ्या मजल्यावरचा कनेक्टर.